दख्खनच्या माळरानाचा सातबारा

काळाचौकीच्या जुन्या चाळींत आणि अभ्युदयनगरात घाटावरून आलेली जी बिऱ्हाडं आहेत, त्यांतल्या पुष्कळांच्या ट्रंकेत एक सातबारा जपून ठेवलेला असतो. गाव माण-खटावमधलं, आटपाडी-जतकडचं, नाहीतर सांगोला, करमाळा, कर्जतचं. आजोबा गिरणीत लागले, वडिलांच्या उमेदीत १९८२ चा संप आला, जमीन तिकडे भावकीत राहिली. त्या उताऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली एक ओळ असते: पोटखराबा. म्हणजे पिकाला अयोग्य. गावी विचारलं तर सांगतात, ‘तो माळ आहे, तिथं काही नाही.’ आता त्याच माळासाठी सौर प्रकल्पवाल्यांची माणसं मुंबईच्या वारसांचे नंबर शोधू लागली आहेत. त्यामुळे सह्या करण्याआधी हा माळ म्हणजे नेमकं काय, हे नीट पाहायची वेळ आली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दख्खनचं माळरान हे तोडून उजाड झालेलं जंगल नाही. ते उष्ण कटिबंधातलं सॅव्हाना आहे, पूर्व आफ्रिकेतल्या गवताळ रानांच्या कुळातलं आणि माणसाच्या शेतीपेक्षा फार जुनं. ते पडीक समजून आपण नांगरलं आणि उजाड समजून त्यावर झाडं लावली. या दोन्हींत दुसऱ्या चुकीचं पुण्यकर्म म्हणून कौतुक होतं, म्हणून ती मला जास्त सलते.

पावसापासून सुरुवात करू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी लागते आणि तिथला पाऊस पाचशेच्या आसपास येतो. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछायेचा पट्टा सुरू होतो: पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण, माण, सांगोला, जत, सोलापूर, नगरचा दक्षिण भाग. महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र करून २००५ साली ‘नेचर’मध्ये एक निष्कर्ष मांडला. वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल, तर झाडांची दाट छत्री जमूच शकत नाही, कारण तेवढं पाणीच नसतं. त्याहून जास्त पावसाच्या प्रदेशात आग आणि चरणारी जनावरं झाडांना रोखून धरतात. ही मोजणी आफ्रिकेतली आहे, पण तिच्या उजेडात आपला दुष्काळी पट्टा पाहिला की विरळ झाडी हा तिथल्या माणसांच्या कुऱ्हाडीचा गुन्हा आहे, ही समजूत टिकत नाही. कुऱ्हाड चालली, यात शंका नाही. पण ती चालली नसती तरी माण तालुक्यात कोयनेचं जंगल उगवलं नसतं.

अशा रानाचा खरा मालक गवत. कुसळी, शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी ही त्यातली मुख्य घराणी. यांची ताकद जमिनीखाली असते. वरचा भाग जनावरांनी खाल्ला, वणव्यात जळला किंवा उन्हाने करपला तरी मुळांत साठा शिल्लक राहतो आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर आठवडाभरात माळ हिरवा दिसू लागतो. जंगलाचा कार्बन खोडांत असतो, आग लागली की जातो. माळाचा बराचसा कार्बन मातीत असतो आणि वणवा वरून निघून जातो. कुसळीचं बी तर पाहण्यासारखं आहे. त्याला लांब, पीळ असलेलं शेपूट असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि या उलटसुलट फिरण्याने ते टोकदार बी स्वतःला मातीत रोवून घेतं. मेंढीच्या लोकरीत आणि चालणाऱ्याच्या पायजम्यात कुसळं शिरतात ती याच कारणाने. गवतात अधूनमधून हिवर, बाभूळ, खैर, बोर, हेकळ, तरवड. बहुतेक काटेरी, खरखरीत सालीची, थोड्या पाण्यावर तग धरणारी.

हे सगळं किती जुनं? उष्ण प्रदेशात वाढणाऱ्या या जातीच्या गवतांनी भारतीय उपखंडात सुमारे ऐंशी लाख ते सत्तर लाख वर्षांपूर्वी पाय पसरले, हे शिवालिक टेकड्यांतल्या प्राचीन मातीच्या थरांवरून कळलं आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली. त्यांतल्या एकावर माणसाने नक्षी कोरलेली आहे आणि तिचं वय सुमारे पंचवीस हजार वर्षं आहे. शहामृग हा मोकळ्या रानात धावणारा पक्षी. तो खानदेशात होता, तर तिथे मोकळं रानही होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेल्या त्या वस्तीत धान्याच्या जोडीला काळविटाची हाडं मिळाली. पुढे हवा कोरडी होत गेली तेव्हा इथली माणसं शेतीकडून गुराढोरांकडे वळली, असं म. के. ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळ पडला की जनावरं घेऊन चालू लागायचं ही रीत या मातीत तेवढी जुनी आहे.

अलीकडचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयात आणि मौखिक परंपरेत पश्चिम महाराष्ट्रातल्या झाडाझुडपांचे उल्लेख शोधले आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. तेराव्या शतकापासूनच्या या मजकुरांत चाळीसहून अधिक वनस्पती सापडल्या. त्यांतल्या बहुसंख्य माळावरच्या, काटेरी आणि उन्हात वाढणाऱ्या होत्या, दाट जंगलातल्या जेमतेम. पंढरपूरच्या मंदिरात कान्होपात्रेच्या कथेशी जोडलेलं तरटीचं झाड लाखो वारकऱ्यांनी पाहिलं आहे. तरटी ही माळाची वनस्पती. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी, रेल्वेच्या स्लीपरांसाठी एकही झाड तुटलं नव्हतं तेव्हाही, नीरा-भीमेच्या खोऱ्यात काटेरी झुडपं आणि गवत होतं, असं हे पुरावे सांगतात. नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २०२२ मध्ये दाखवलं की भारतातल्या सॅव्हानांत फक्त इथेच सापडणाऱ्या २०६ वनस्पती आहेत आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक गेल्या दोन दशकांत शास्त्राला ठाऊक झाल्या. ज्या जमिनीवर काही नाही असं आपण म्हणत आलो, तिथे अजून नवी नावं देणं चालू आहे.

माळाची शेतीही माळासारखीच. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही मूळची आफ्रिकेच्या सॅव्हानातली पिकं. काही हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि इथलीच होऊन गेली, कारण त्यांना हवं ते ऊन, हवी ती कोरड आणि हवी ती माती इथे होती. मुरमाड, हलक्या रानात पावसाळी बाजरी, तिच्यात मटकी-हुलगा. खोल काळ्या रानात पावसाळाभर जमीन मोकळी ठेवून ओल साठवायची आणि परतीच्या पावसानंतर ज्वारी पेरायची. मोहोळच्या संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही शेतकरी सोडत नाहीत. भाकरी गोड लागते आणि कडब्यावर बैल उभा राहतो. गिरणगावात गावाहून एस.टी.च्या टपावर ज्वारीची पोती यायची ती याच रानांतली.

या शेतीचं दुसरं पाऊल म्हणजे मेंढरं. फलटण, माण, बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर वाडा हलवतात, घाट उतरून कोकणापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभरच्या लेंड्या आणि मूत यांचं खत जमिनीला मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. मेंढरं काही महिने दूर राहतात तेवढ्या काळात माळाला विसावा मिळतो. चराईचं हे चक्र कोणत्याही खात्याने आखलेलं नाही, पण माळ टिकवण्यात त्याचा वाटा मोठा. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या देवांच्या मागावर जाऊन हीच वाट अभ्यासली: देवस्थानांचा नकाशा आणि चराईचा नकाशा एकमेकांवर बसतो. साहित्यात तो व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त १९५५ सालीच आला होता.

जनावरांच्या जातीही माळाने घडवल्या. माणदेशी खिल्लार बैल, जतकडची माडग्याळ मेंढी, काटक दख्खनी मेंढी, आणि राज्यगीतात ज्यांचं नाव आहे ती भीमथडीची तट्टं. थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारा हा घोडा मराठ्यांच्या गनिमी काव्याचा पाया होता आणि तो वाढला तो भीमेकाठच्या कुरणांत. फलटणला बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये उभारलेल्या संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी पिल्लं देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. घोंगडीची मागणी घटली तसे मेंढपाळ लोकरीच्या जाती सोडून मटणाच्या जातींकडे गेले. त्यामुळे मूळ दख्खनी कळप आज कमी दिसतात.

आता रानातली वस्ती. शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी उतरले की काळाचौकीची मुलं चालत जाऊन ते पाहतात. माळाचे प्राणी मात्र त्यांच्या आजोळी असूनही अनेकांनी पाहिलेले नसतात. खोकड, कोल्हा, तरस, लांडगा, ससा, चिंकारा, काळवीट. पक्ष्यांत धाविक, माळटिटवी, पखुर्डी, चंडोल, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये. सापांत फुरसं आणि घोणस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर परळच्या हाफकिन संस्थेत कितीतरी वर्षं काम झालं, त्यातलं फुरसं तर अस्सल माळाचं. एक सरडा आहे, त्याच्या नराच्या गळ्याला निळा, काळा, नारिंगी असा रंगीत पंखा असतो आणि विणीच्या दिवसांत तो दगडावर चढून ऐटीत तो उघडतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांच्या गटाला नवी प्रजाती (जीनस) म्हणून मान्यता दिली, तेव्हा तिला मराठीतूनच ‘सरडा’ हे नाव दिलं.

लांडग्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. वाघाला जंगल आहे, अभयारण्यं आहेत, प्रसिद्धी आहे. महाराष्ट्रातला लांडगा राहतो तो बहुतांशी गायरानात, वनखात्याच्या सुट्या तुकड्यांत आणि शेतांच्या बांधांवर. काळवीट आणि चिंकारा घटल्यापासून त्याचं पोट मुख्यतः मेंढ्या-शेळ्यांवर चालतं. म्हणजे त्याचं जगणं धनगराच्या सोसण्यावर उभं आहे. कळपाबरोबर लांडगा असायचाच, असं मानणारे मेंढपाळ अजून आहेत. पण सोसण्याला मर्यादा असतात आणि कोकरू गेल्यावर पंचनामा, फोटो, कागद या वाटेने मिळणारी भरपाई चालत्या वाड्याच्या माणसाला गाठता येत नाही. शहरांच्या कडेला कोंबड्यांच्या फार्मचा कचरा उघड्यावर पडतो, त्यावर भटकी कुत्री वाढतात. त्यांच्याकडून खोकडांना आणि लांडग्यांना डिस्टेंपरसारखे रोग लागतात आणि पुणे परिसरात लांडगा-कुत्रा संकरही नोंदले गेले आहेत.

माळढोकाची गोष्ट सगळ्यांत दुःखाची. मीटरभर उंचीचा, दहा-पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडणाऱ्या पक्ष्यांतला एक सर्वांत जड पक्षी. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. राष्ट्रीय पक्षी हाच असावा, असा सलीम अलींचा आग्रह होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक असल्याचं १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णींनी लोकांपुढे आणलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणंसुद्धा आली. जमिनीचे व्यवहार अडले, विहिरी-रस्त्यांची कामं अडली आणि पक्षी लोकांच्या डोळ्यांत सलू लागला. पुढे अभयारण्य कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर उजनीच्या पाण्याबरोबर ऊस माळावर चढला होता. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, जवळपास सगळे राजस्थानात. सोलापुरात एखादा दिसला तर ती बातमी होते. कागदावर अफाट सीमा आखली आणि त्या सीमेतल्या माणसाला विचारलंच नाही, यात पक्षी हरला आणि माणूसही. उलट कर्जतजवळच्या रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० पासून अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरवर आणि सुप्याचं मयूरेश्वर १९९७ पासून ५.१४ चौरस किलोमीटरवर काळवीट-चिंकारा सांभाळून आहेत. क्षेत्र छोटं, पण तिथे गवत राखलं जातं.

माळ मोडला कसा, याचा एक धागा काळाचौकीतूनच जातो. हार्बर लाइनचं कॉटन ग्रीन स्टेशन आणि तिथलं कापसाच्या बाजाराचं भवन या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला लंकाशायरने वाट्टेल तो भाव दिला. रेल्वे पोचली, चराईची रानं कापसाखाली आली. त्याच्याही आधी, १८३० च्या दशकात, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तीत जमिनीची प्रत ठरली ती साऱ्याच्या हिशेबाने. पीक देणारी ती जमीन, बाकीची पड. तेव्हापासून ही नजर कायम राहिली. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात आजही गवताळ रानं पडीक म्हणून रंगवलेली असतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशानुसार भारताच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा अशा कोरड्या, मोकळ्या नैसर्गिक रानांचा आहे आणि त्यातलं पाच टक्क्यांहून कमी क्षेत्र संरक्षित आहे.

१९७२ च्या दुष्काळाने दुसरं वळण दिलं. भुकेल्या हातांना काम हवं होतं आणि उघड्या माळावर चर खणणं, झाडं लावणं हे काम लगेच काढता येत होतं. त्या कामांनी माणसं जगली आणि त्याबद्दल कृतज्ञताच हवी. मात्र झाडं लावली ती बहुतेक गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी. गिरिपुष्पाखाली गवत धरत नाही, मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत, माळढोकाला तिथे दूरवर पाहता येत नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने वृक्षलागवडीची मोहीम चालवली, शेवटच्या वर्षी ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. एवढ्या रोपांना जागा लागते आणि मोकळी दिसणारी सरकारी जमीन म्हणजे माळच. डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, गावठाणात झाड हवंच. पाचशे मिलिमीटर पावसाच्या गवताळ रानात खड्डे खणून बाहेरची झाडं उभी करणं म्हणजे असलेलं जिवंत रान मोडणं. ब्राझीलमध्ये सेराडो नावाचं सॅव्हाना आहे. जग अॅमेझॉनकडे पाहत राहिलं आणि सेराडोचा जवळपास निम्मा भाग सोयाबीन आणि कुरणांखाली गेला.

ऊर्जेचा प्रश्न अवघड आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागाच्या चौथाईवर आले होते. भक्षक गेल्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले, पण एकमेकांच्या गर्दीने त्यांची अंगकाठी खालावली. एका पात्याचा परिणाम साखळीत किती खोल जातो, ते यातून दिसतं. आता उपकेंद्रांच्या जवळच्या सरकारी जमिनी, गायरानंसुद्धा, सौर पॅनेलांसाठी भाड्याने दिली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही खरी गरज आहे, रात्री-बेरात्री मोटार लावायला जाणाऱ्याच्या पायाखाली घोणस असते. प्रश्न जागेचा आहे. गोदामांची छपरं, कालव्यांचे काठ, आधीच नांगरून खारावलेली शेतं असताना पहिला हात गायरानावर का पडावा, हे कुणीतरी विचारायला हवं. तसंच पाण्याचं. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूरचं पाणी माणदेशात आलं याचा आनंद ज्याने टँकरची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. त्या पाण्यावर ज्वारी, डाळिंब, चारा झाला तर माळही राहील. सगळीकडे ऊसच झाला तर राहणार नाही.

काही चांगलं घडतं आहे. इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्याने अलीकडे गवताळ रानाची सफारी सुरू केली, गावच्या तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळालं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि मेंढपाळांचं वर्ष ठरवलं. कायद्यातही आधार आहेत. २००६ चा वनहक्क कायदा चराईचे आणि भटक्या पशुपालकांचे हंगामी हक्क मान्य करतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतल्या वनस्पती-प्राण्यांची नोंदवही करायची असते.

इथे काळाचौकीचा संबंध पुन्हा येतो. या भागात घाटावरच्या कितीतरी गावांची मुंबईकर ग्रामस्थ मंडळं आहेत. देवळाचा कळस, शाळेच्या खोल्या, जत्रेचा खर्च त्यांनी उचललेला आहे आणि मे महिन्यात जत्रेला गेल्यावर त्यांचा शब्द ऐकला जातो. त्यांनी गावी चार गोष्टी विचाराव्यात. गावच्या जैवविविधता नोंदवहीत गायरानाचं पान आहे का आणि त्यावर गवतांची, लांडग्याची, धनगरांच्या वाटांची नोंद आहे का. या पावसाळ्यात माळावर कोणती रोपं लागणार आहेत आणि ती तिथली आहेत का. गायरान भाड्याने द्यायचा ठराव आला तर ग्रामसभेत मेंढपाळांना बोलावलं होतं का. आणि स्वतःच्या पोटखराब्यात नांगर घालण्याऐवजी बी पडेपर्यंत गवत राखून मग कापलं, तर चाऱ्याचे किती पैसे होतात, ते भावकीला एकदा मोजायला सांगावं.